भोर-वेल्ह्यातील ससेपालन : पावसाळ्यात शेडमध्ये पिल्लू नको

भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यांतून ससेपालनाबद्दल विचारणा करणारे शेतकरी बहुतेक वेळा एकाच वाक्याने सुरुवात करतात : "आमच्याकडे गवताला तोटा नाही." ते खरेच आहे. दसऱ्याच्या सुमारास या डोंगरउतारांवर जेवढे गवत उभे असते तेवढे जिल्ह्याच्या पूर्व भागात बागायत करूनही मिळत नाही. घरात जागा आहे, वेळ आहे, शेळीसारखे रानात हिंडावे लागत नाही, मादी दर दोन महिन्यांनी विते. कागदावर हा धंदा फार सोपा दिसतो.

अडचण गवताची नाही, ओलीची आहे. हिर्डोशी खोरे, तोरण्याच्या पायथ्याची गावे, पानशेतच्या वरचे अंग या पट्ट्यात पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या वर जातो. जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की दोरीवरचे कपडे चार दिवस वाळत नाहीत. पाळीव सशाचे मूळ भूमध्य समुद्राच्या पश्चिमेकडील कोरड्या प्रदेशातले, स्पेन-पोर्तुगालकडचे. थंडी त्याला चालते, कोरडी हवा मानवते. ओला पिंजरा, ओला चारा आणि कोंदट शेड मात्र त्याला बाधते, आणि त्यातही चार ते बारा आठवड्यांच्या पिल्लांना सर्वांत जास्त. नसरापूर-कापूरहोळकडे पाऊस बराच कमी होतो. तिथे पुढच्या काही सूचना थोड्या सैल केल्या तरी चालतील. पश्चिमेकडच्या गावांनी त्या तंतोतंत पाळाव्यात.

वेताचे वेळापत्रक पावसाकडे बघून ठरवा

मादी सशाला गाय-शेळीसारखा ठरावीक माज नसतो. नराशी संयोग झाल्यावरच तिचे बीज सुटते. म्हणजे तिला कधी फळवायचे हे पूर्णपणे आपल्या हातात असते. ही फार मोठी सोय आहे, पण बहुतेक जण तिचा उपयोग फक्त जास्त वेते घेण्यासाठी करतात. वर्षाला सहा-सात वेते घ्या, असा सल्ला तुम्ही ऐकला असेल. या दोन तालुक्यांत चारच घ्यावीत, आणि ती ऑगस्ट ते फेब्रुवारी या काळात भरवलेली असावीत, असे माझे मत आहे.

हिशोब असा. गर्भकाळ 30 ते 32 दिवसांचा. पिल्ले साधारण 30 ते 35 दिवसांनी आईपासून तोडायची. मादीला विल्यानंतर चार आठवड्यांनी पुन्हा नर दाखवला की एक फेरा दोन महिन्यांत पूर्ण होतो. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात भरवलेली मादी सप्टेंबरच्या सुरुवातीला विते. ती पिल्ले आईच्या दुधावर असताना पाऊस ओसरू लागतो, आणि ती तुटतात तेव्हा ऑक्टोबर उजाडलेला असतो. पुढची भरणी ऑक्टोबर, डिसेंबर आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला. शेवटचे वेत मार्चच्या सुरुवातीला पडते आणि बारा आठवड्यांची होऊन ती पिल्ले मेअखेर विक्रीला तयार होतात. मृगाच्या आधी शेडमधले शेवटचे पिल्लू गेलेले असले पाहिजे. पावसाळ्यात मागे राहतात ते फक्त मोठे नर-माद्या. त्यांना ओलीचा त्रास होतो, पण ते सहसा तग धरतात.

एप्रिल-मेमध्ये मादी न भरवण्याला आणखी एक कारण आहे. सशाला घाम येत नाही. तो अंगातली उष्णता बहुतेक कानांवाटे बाहेर टाकतो. तापमान 30 अंशांच्या वर राहू लागले की नराच्या वीर्याची प्रत घसरते, आणि ती पूर्ववत व्हायला ऊन कमी झाल्यावरही दीड-दोन महिने लागतात. भोर शहराच्या बाजूला मेमध्ये पारा चाळिशीजवळ जातो. त्या काळात मादी फळत नाही म्हणून नर बदलत बसण्यात अर्थ नाही. त्याला विश्रांती द्या.

आणि तिसरे कारण घरातले. ससे बहुतेक घरांत बायकाच सांभाळतात. आषाढात चिखलणी आणि आवणी सुरू झाली की त्याच बायका दिवसभर खाचरात असतात. अशा वेळी सशाच्या साठ पिल्लांचे रोज पिंजरे कोण साफ करणार, याचा विचार धंदा सुरू करण्याआधीच करायला हवा.

ओल पिल्लांना मारते म्हणजे नेमके काय होते

पावसाळ्यात पिल्ले पटापट मरतात त्याचे मुख्य कारण कॉक्सिडिओसिस. याला शेतकरी नुसते 'हगवण' म्हणतात. मोठ्या सशांच्या आतड्यात या परजीवीची अंडी थोड्याफार प्रमाणात असतातच, पण मोठ्यांना त्याचे काही वाटत नाही. लेंडीबरोबर बाहेर पडलेली अंडी लगेच रोग करू शकत नाहीत. त्यांना पक्व व्हायला ओलावा, ऊब आणि एक ते काही दिवसांचा अवधी लागतो. कोरड्या जागेत ती मरतात. ओल्या तळावर, लेंड्या चिकटलेल्या जाळीवर, लेंड्या पडलेल्या चाऱ्यात ती पक्व होतात आणि पिल्लांच्या पोटात जातात. पोट फुगते, विष्ठा पातळ होते, पिल्लू कुबड काढून कोपऱ्यात बसते आणि दोन-तीन दिवसांत मरते.

यावरून उपाय आपोआप कळतो. लेंडी पिंजऱ्यात चोवीस तासांपेक्षा जास्त राहता कामा नये. तळ जाळीचा हवा, म्हणजे ती खाली पडते. जाळीचे भोक साधारण 12 मिलिमीटरचे असावे. मोठे ठेवल्यास पिल्लांचे पाय अडकतात. आपल्याकडे बांबू मुबलक, त्यामुळे सगळा पिंजरा बांबूचा करायचा मोह होतो. बाहेरचा सांगाडा बांबूचा चालेल, तळ मात्र नको. बांबू लघवी शोषतो, ससा तो कुरतडतो, आणि त्याच्या फटींत खरजेचे किडे राहतात. फिनेलने कॉक्सिडिओसिसची अंडी मरत नाहीत. उकळते पाणी, कडक ऊन किंवा रिकाम्या जाळीवरून फिरवलेली ज्योत, यांनीच ती मरतात. मेअखेर शेड रिकामे होते तेव्हा सगळे पिंजरे बाहेर काढून चार दिवस उन्हात टाका. वर्षातली ही सर्वांत महत्त्वाची सफाई.

औषधे सल्फा गटातली असतात आणि ती पशुवैद्यकाने सांगितलेल्या मात्रेने पाण्यातून देतात. हगवण दिसताच घरात शेळीसाठी किंवा माणसांसाठी आणलेली ॲमॉक्सिसिलिन, ॲम्पिसिलिनसारखी प्रतिजैविके तोंडावाटे कधीही देऊ नका. सशाचे पचन मोठ्या आंत्रपुच्छातील उपयुक्त जिवाणूंवर चालते. ही औषधे ते जिवाणू मारतात, मग विषारी जिवाणू वाढतात आणि ससा रोगाऐवजी औषधाने मरतो. गावातल्या औषध दुकानदाराला हे माहीत असेलच असे नाही.

दुसरा पावसाळी रोग खरूज. नाकाचा शेंडा, ओठ, पंजे यांवर करड्या खपल्या, किंवा कानात तपकिरी पापुद्र्यांचे थर. जळके तेल लावण्याची पद्धत अजूनही दिसते. ससा ते चाटतो आणि आजारी पडतो. आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन वजनानुसार पशुवैद्यकाकडून द्यावे आणि सुमारे दोन आठवड्यांनी पुन्हा द्यावे, कारण पहिल्या मात्रेने किड्यांची अंडी मरत नाहीत. कुत्र्यासाठीचा फिप्रोनिलचा फवारा सशाला विषारी आहे. खरूज माणसालाही लागते, तेव्हा हात साबणाने धुवा आणि लहान मुलांना त्या पिंजऱ्यापासून दूर ठेवा.

शेड : पाऊस अडवा, हवा नको

इथला पाऊस पश्चिम-नैऋत्येकडून तिरपा येतो. शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली तर लांब बाजूला मार कमी बसतो. पश्चिमेची बाजू भिंतीने किंवा दाट कुडाने बंद करावी. छपराच्या वळचणी किमान तीन-चार फूट पुढे आलेल्या असाव्यात. पिंजरे जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर टांगावेत किंवा ठेवावेत. एका मोठ्या सशाला दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि दीड फूट उंच जागा पुरते. पिल्ले असलेल्या मादीला लांबी तीन फूट द्यावी. जाळीवर सतत बसून तळपायाला जखमा होतात, म्हणून प्रत्येक पिंजऱ्यात एक लहान, सहज काढून धुता येईल अशी फळी टाकावी.

पाऊस जोरात सुरू झाला की चारही बाजूंनी प्लॅस्टिकचा कागद लावून शेड बंद केले जाते, आणि इथेच पुढच्या त्रासाला सुरुवात होते. सशाची लघवी बरीच आणि तीव्र असते. कोंडलेल्या शेडमध्ये तिचा अमोनिया साठतो, नाकाच्या आतला थर जळतो आणि मग सर्दीचे जिवाणू घुसतात. शिंका, नाकातून पांढरा स्राव, पुढच्या पंजांच्या आतल्या बाजूचे चिकटलेले केस ही त्याची खूण. ससा पंजाने नाक पुसतो म्हणून केस चिकटतात. कागद लावा, पण वरचा दीड फूट मोकळा ठेवा. परीक्षा सोपी आहे. शेडमध्ये पिंजऱ्याच्या उंचीला तोंड आणून दोन मिनिटे बसा. डोळे चुरचुरले, तर ससे तीच हवा चोवीस तास घेत आहेत. पिंजऱ्याखाली उताराचा कोबा करून लघवी एका चरातून बाहेर काढावी आणि आठवड्यातून एकदा चुना टाकावा.

उन्हाळ्यात छपरावर भाताचा पेंढा पसरा, दुपारी बाजूंना ओली गोणपाटे लावा. आंब्याच्या किंवा जांभळाच्या सावलीत शेड असेल तर निम्मा प्रश्न सुटतो.

मांजर, मुंगूस, उदमांजर आणि धामण, आणि जंगलालगतच्या वाड्यांत बिबट्या. बिबट्याला पिंजरा तोडण्याचीही गरज नसते. तो शेडभोवती फिरला तरी घाबरलेली मादी पिल्ले तुडवते. बाहेरून मजबूत जाळी आणि कडीचे दार हवेच.

चारा आहे, पण तो कसा द्यायचा

ओले गवत कापून आणले आणि तसेच टाकले, हे पावसाळ्यात सर्रास होते. ससा उलटी करू शकत नाही, ढेकरही देऊ शकत नाही. ओले, कोवळे, तंतू कमी असलेले गवत आतड्यात आंबते आणि पोट फुगून तो मरतो. आजचे गवत आज देऊ नका. संध्याकाळी कापा, माळ्यावर किंवा पडवीत पातळ थरात पसरा आणि दुसऱ्या दिवशी सुकलेले द्या. ढीग घातला तर ते तापते आणि त्याला बुरशी येते, पसरणे महत्त्वाचे.

त्याहून चांगले म्हणजे जुलै-ऑगस्टचा चारा ऑक्टोबरमध्येच करून ठेवणे. आपल्याकडे गवत कापणी बहुधा ते पिवळे, कडक झाल्यावर होते, कारण ते जनावरांसाठी आणि छपरासाठी असते. सशासाठी थोडा भाग फुलोऱ्यात असतानाच कापून, दोन-तीन उन्हे देऊन, हिरवट रंग शिल्लक असताना माळ्यावर टाका. हादगा, शेवरी, शेवगा, पांगारा यांचा पाला फेब्रुवारी ते मे सावलीत वाळवून कोरड्या गोणीत भरून ठेवता येतो. सुबाभूळ चालते, पण एकूण चाऱ्याच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. तिच्यातल्या मायमोसिनमुळे केस गळतात आणि माद्या फळत नाहीत. बांधावरची घाणेरी, रुई, धोतरा, एरंड आणि गाजरगवत चाऱ्यात येणार नाही याची काळजी गवत कापणाऱ्याने घ्यायची. घाणेरी यकृताला विषारी आहे आणि ती आपल्या डोंगरउतारांवर सगळीकडे पसरलेली आहे.

नुसत्या गवतावर ससा जगतो, वाढत नाही. मोठ्या सशाला रोज साधारण 100 ते 120 ग्रॅम खुराक, दूध पाजणाऱ्या मादीला 150 ते 200 ग्रॅम, वाढत्या पिल्लाला 60 ते 80 ग्रॅम लागतो. त्यात प्रथिने 16 ते 18 टक्के आणि तंतू 12 टक्क्यांच्या आसपास असावेत. पावसाळ्यात पंधरा-वीस दिवसांपुरताच खुराक आणा. बुरशीच्या अफ्लाटॉक्सिन विषाला ससा फार हळवा आहे; वास आलेले मका-पेंडीचे खाद्य कोंबडीला चालते की नाही हा वेगळा प्रश्न, सशाला ते नकोच.

पहाटे ससा स्वतःच्या गुदद्वाराशी तोंड नेऊन काहीतरी खाताना दिसला तर घाबरू नका. त्या मऊ लेंड्या असतात, आंत्रपुच्छात तयार झालेल्या, प्रथिने आणि ब जीवनसत्त्वांनी भरलेल्या. अन्न दोनदा पचवण्याची ही त्याची पद्धत आहे. तो त्या थेट तोंडात घेतो, त्यामुळे जाळीच्या तळाने काही बिघडत नाही.

विणे आणि पहिले बारा दिवस

पाच माद्यांना एक नर पुरतो. मादीला नराच्या पिंजऱ्यात न्यायचे, नराला मादीच्या नव्हे. स्वतःच्या जागेत ती त्याला चावते. तिला पहिल्यांदा भरवताना वय पाच-सहा महिन्यांचे आणि अंग भरलेले असावे. बाराव्या ते चौदाव्या दिवशी पोट हलक्या बोटांनी चाचपून गाभण आहे की नाही ते कळते. हे मात्र कुणा जाणकाराकडून हात धरून शिकावे. सव्विसाव्या-सत्ताविसाव्या दिवशी विण्याची पेटी ठेवा, तळाला कोरडा पेंढा. मादी पोटाचे केस उपटून त्यात घरटे करते.

पिल्ले उघडी आणि आंधळी जन्मतात, डोळे दहा-बारा दिवसांनी उघडतात. मादी दिवसातून बहुधा एकदाच, तीन-चार मिनिटे पाजते. 'मादी पिल्लांजवळ बसतच नाही' म्हणून तिला धरून पेटीत बसवण्याची काही गरज नाही. सकाळी पिल्लांची पोटे गोल, ताणलेली दिसली की दूध मिळाले. सुरकुतलेले पोट सलग दोन दिवस दिसले तर ते पिल्लू त्याच दिवसांत विलेल्या दुसऱ्या मादीखाली घाला, म्हणून दोन-तीन माद्या एकाच आठवड्यात भरवाव्यात. मेलेले पिल्लू लगेच काढा. दूध पाजणाऱ्या मादीला दिवसाला लिटरभर पाणीही लागू शकते. पाण्याची वाटी रिकामी राहिली तर दूध आटते. आणि ससा कान धरून उचलू नका. मानेमागची सैल कातडी धरा, दुसरा हात बुडाखाली. झटका मारून लाथ झाडली तर त्याचा कणा मोडू शकतो.

आधी गिऱ्हाईक, मग पिंजरा

पाच माद्या आणि एक नर धरा. चार वेते, प्रत्येकी पाच पिल्ले जगून तुटली, म्हणजे 100. त्यातली 80 विक्रीपर्यंत पोचली आणि प्रत्येकाचे वजन दोन किलो भरले, म्हणजे 160 किलो. मोठ्या सहा सशांना वर्षाला सुमारे 310 किलो खुराक लागतो, 80 पिल्लांना तुटल्यापासून विकेपर्यंत प्रत्येकी चार किलो, म्हणजे 320. एकूण 630 किलो. समजा खुराकाचा दर 30 रुपये आहे, तर किलोभर जिवंत वजनामागे फक्त खुराकाचा खर्च सुमारे 118 रुपये येतो. 80 ऐवजी 60च पिल्ले जगली तर तोच आकडा 137 वर जातो. मजुरी, पिंजरे, औषधे वेगळी. तुमच्या गावचा आजचा दर घालून हा हिशोब स्वतः करा आणि त्यानंतरच कुणाला भाव विचारा.

भाव विचारायचा तो प्रत्यक्ष घेणाऱ्याला. सशाला शेळी-कोंबडीसारखा आठवडे बाजार नाही. पुणे-सातारा रस्त्यावरची काही हॉटेले, ओळखीतले खाणारे, थोडी पाळीव म्हणून विक्री, एवढाच आवाका. मांस विकायचे तर अन्न सुरक्षा कायदा, 2006 खालची नोंदणी किंवा परवाना लागतो. पाळीव प्राण्यांच्या दुकानांना 2018च्या नियमांनुसार नोंदणी बंधनकारक आहे. दुकानदाराला द्यायचे तर त्याची नोंदणी बघा. 'पुण्यातल्या प्रयोगशाळा घेतात' असे कुणी सांगितले तर लक्षात ठेवा, प्रयोगासाठी प्राणी पुरवणाऱ्याची 1998च्या नियमांखाली वेगळी नोंदणी लागते. परसातल्या शेडला ती सहज मिळत नाही.

आता पुनर्खरेदीच्या योजनांबद्दल. 'आमच्याकडून दहा माद्या-तीन नरांचे युनिट घ्या, पिल्ले आम्हीच परत घेऊ' असे सांगत फिरणारे लोक या भागातही येतात. इमूचे काय झाले ते 2012च्या आसपास आपण पाहिले. कडकनाथच्या करार योजनेत 2019 मध्ये सांगली-कोल्हापूरकडच्या हजारो शेतकऱ्यांचे पैसे अडकले. प्राणी बदलतो, पद्धत तीच : पैसा पिल्लांच्या विक्रीतून नव्हे, नव्या शेतकऱ्याला युनिट विकण्यातून येतो. नवे शेतकरी मिळेनासे झाले की खरेदी थांबते. कंपनी परत घेतलेल्या पिल्लांचे शेवटी काय करते, कुठे विकते, हा एकच प्रश्न विचारा. उत्तर 'दुसऱ्या शेतकऱ्यांना' असे असेल तर चहा पाजून निरोप द्या. कर्ज काढून तर यात उतरूच नका. राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या 2021-22 पासूनच्या उद्योजकता योजनेत कोंबडी, शेळी-मेंढी आणि वराह आहेत, 2024 मध्ये घोडा, गाढव, उंट आले. ससा त्यात नाही. '50 टक्के अनुदान मिळवून देतो' म्हणणाऱ्याला शासन निर्णय दाखवायला सांगा.

एक कायद्याची गोष्ट. रानातला ससा हा वेगळा प्राणी आहे आणि वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 ने संरक्षित आहे. तो पकडून पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा आहे, आणि पाळीव सशाशी त्याचा संकरही होत नाही. आपले ससे पाळीव जातीचे आहेत हे दाखवणारी खरेदीची पावती जपून ठेवा. वनखात्याच्या हद्दीलगतच्या गावांत ती कधीतरी लागते.

जातींपैकी न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएट चिंचिला, व्हाइट जायंट आणि ग्रे जायंट आपल्या देशात मांसासाठी पाळल्या जातात. राजस्थानातील अविकानगरची केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था आणि तिचे कोडाईकनालजवळचे मन्नवनूर केंद्र सशांवर काम करतात. जिल्ह्यात सल्ल्यासाठी बारामती आणि नारायणगाव येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत. ससे ऑक्टोबरमध्ये, पाऊस थांबल्यावर आणा; पहिल्या वर्षी दोन माद्या आणि एक नर पुरे. आणलेल्या सशांचे कान आणि पंजे खरजेसाठी तपासा आणि तीन आठवडे वेगळ्या जागी ठेवा.

लेंड्या फेकू नका. गाईच्या शेणापेक्षा त्यांत नत्र बरेच जास्त असते आणि त्या गरम पडत नाहीत, त्यामुळे आळ्यातल्या वांगी-मिरचीला थोड्या थोड्या थेट घालता येतात. पालेभाजी, कोथिंबीर अशा कच्च्या खायच्या पिकांना मात्र कुजवूनच द्या. भाताच्या तरव्याला घालायच्या असतील तर मेमध्ये शेड रिकामे करताना निघालेला सगळा ढीग खड्ड्यात न टाकता वाफ्यावर पसरा. पहिल्या पावसाआधी तो मातीत मिसळला जाईल.